आयआयएमच्या मुलाखतीसाठी मॉक हवेत की नकोत?

गोदाकाठ:
आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे कॅटचा निकाल लागला की ओळखीतली मुलं विचारतात, क्लासचं मॉक म्हणजे सराव मुलाखतींचं पॅकेज घेऊ का? मी सांगतो, घेऊ नका.

माझी मुलाखत फेब्रुवारी २०२४ची. पदवी मेकॅनिकलची, सातपूरला दोन वर्षं नोकरी, घर निफाड तालुक्यात, शेतात कांदा. क्लासमध्ये आठ मॉक दिले होते. 'एमबीए का?' याचं उत्तर झोपेतून उठवलं तरी म्हटलं असतं. ते कुणी विचारलंच नाही. अर्जातलं गाव पाहून सर म्हणाले, ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली. भाव पडले, तर तुमच्या वडिलांनी कांदा थोडे दिवस ठेवून का नाही विकला?

निफाडच्या शेंबड्या पोरालाही येईल असा हा प्रश्न. डिसेंबरात निघतो तो लाल कांदा, तो टिकत नाही. कांदाचाळीत साठवतात तो उन्हाळ कांदा. मला हे लहानपणापासून माहीत आहे. तरी मी बोललो काय, तर ग्राहकहित, महागाई, दोन्ही बाजूंचा समतोल. आठ मॉकमध्ये तेच घोटून घेतलं होतं. निवड झाली नाही.

अर्ज समोर घ्या, त्यातल्या एकेका ओळीवर स्वतःला प्रश्न विचारा. पदवीचे दोन विषय पुन्हा वाचा. घरच्या धंद्याचा हिशोब वडिलांकडून समजून घ्या. याला पैसे लागत नाहीत.

पहिला_बाक:
दादा, तुमचा अनुभव खरा, पण सल्ला पटला नाही. मी परभणीची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. विषय येत होता, पण अनोळखी माणसांसमोर इंग्रजीत सलग दोन मिनिटं कधी बोललेच नव्हते. पहिल्या मॉकला तोंडातून शब्द फुटेना. सहाव्याला मी समोरच्याचं म्हणणं चुकीचं आहे असं सांगू शकले. लाल कांदा टिकत नाही हे माहीत असणं वेगळं, घसा कोरडा पडलेला असताना ते इंग्रजीत सांगता येणं वेगळं. ते सरावानेच येतं.

आकडेमोड:
आयआयएम अहमदाबादला अंतिम निवडीत मुलाखतीचं वजन कॅटच्या गुणांपेक्षा जास्त असतं. वर्षभर कॅटचा अभ्यास करून मुलाखतीला तसंच जाणं मला पटत नाही. फक्त मुंबईच्या जमनालाल बजाजमधूनच एमबीए करायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मुलाखतीशिवाय, राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीत (कॅप) प्रवेश परीक्षेच्या गुणांवर प्रवेश होतो.

खडूफळा:
मी व्यवस्थापन शिकवतो, मुलाखतीच्या पॅनेलवर बसलो आहे. पाठ केलेलं उत्तर पहिल्या वाक्यातच कळतं. २०२४ साली रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ६.५ टक्के आहे हे जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं. तो पाव टक्का उतरला तर घरच्या कर्जाच्या हप्त्याचं काय होईल, इथे बरेच अडले. इंग्रजी अडखळलं म्हणून आम्ही गुण कापत नाही. थांबतो, प्रश्न सोपा करून पुन्हा विचारतो.

पहिला_बाक:
सर, तुम्ही थांबता हे मुलांना कुठे माहीत असतं? ती शांतता म्हणजे आपण नापास, असंच वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं.

गोदाकाठ:
ताई, भाषेच्या सरावाचं मान्य. पण त्यासाठी पॅकेज कशाला? मी दुसऱ्या वर्षी कंपनीतल्या दोन सीनियरना समोर बसवलं. क्लासमध्ये उत्तरं गुळगुळीत करून देतात, ते मला आजही घातक वाटतं.

पहिला_बाक:
तुम्हाला कंपनीत सीनियर होते. मी कॉलेजातून थेट गेले. परभणीत मला इंग्रजीत उलटतपासणी करणारं कोण होतं? क्लासचे पैसे मी त्यासाठी भरले, उत्तरांसाठी नाही.

ज्यांना असं कुणीच नाही त्यांनी इथे गाव आणि पदवीचा विषय लिहा. शनिवार-रविवार संध्याकाळी मी ऑनलाइन बसते. दादा, तुम्ही येणार असाल तर शेतीवरचे प्रश्न तुम्ही विचारा.