'ब्रॅकेट फंगस'ला आपल्याकडं काय म्हणतात?

पायवाट: नमस्कार मंडळी. एका शब्दापायी काम अडकलंय. राधानगरीच्या बाजूला शाळेच्या पोरांना रान दाखवायला न्यायचंय, त्यांच्या हातात द्यायला चित्रांची छोटी कार्डं करतोय. एक कार्ड लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचं आहे. पडलेल्या ओंडक्यावर एकावर एक थर बसल्यासारखी दिसते ती, अर्धवर्तुळाकार, पातळ, चिवट, वर राखाडी, तपकिरी, पिवळट पट्टे आणि कडेला फिकट रेघ. इंग्रजीत टर्की टेल, शास्त्रीय नाव ट्रॅमेटिस व्हर्सिकलर, गटाचं नाव ब्रॅकेट फंगस. फोटो सोबत टाकलाय. आमच्यातल्या एकानं भाषांतर करून आणलं, "कंस बुरशी". आता कंस म्हणजे गणितातला. इथला ब्रॅकेट म्हणजे भिंतीत ठोकून वर फळी ठेवतात तो, पोरांना कंस सांगून काय कळणार? माझी आजी भुदरगडातली, ती याला "लाकडाचं कान" म्हणायची. "लाकडाला कान फुटलं की आत काय ऱ्हायलं न्हाई समजायचं." मी कार्डावर 'कान' लिहिलं तर दुसरा म्हणतो चूक, कान वेगळी असते. तुमच्याकडं काय म्हणतात सांगा.

राजारामपुरी९: आमच्यात सगळ्यालाच कुत्र्याची छत्री. खायची ती आळंबी, बाकी समदी कुत्र्याची छत्री, विषय संपला 🙂

वाचनवेडा: योग्य शब्द 'कवक'. पाठ्यपुस्तकात तोच आहे, पोरं तोच शिकतात. 'काष्ठकवक' करा, नेमका आणि आपला. आणि हा कुणी आत्ता पाडलेला शब्द नव्हे, मनुस्मृतीत लसूण, कांद्याबरोबर 'कवकानि' अभक्ष्य म्हणून दिलेत.

रंकाळाकाठ: सर, पण मनुस्मृतीतलं कवक म्हणजे खायची छत्रीच असणार ना. जे कुणी खातच नाही ते खाऊ नका म्हणून कशाला सांगतील? ट्रॅमेटिस चामड्यासारखी, दाताला तुटणार नाही. म्हणजे जुना शब्द घेऊन आपण त्याचा अर्थ सगळ्या फंगसवर ताणलाय. ताणायला माझी ना नाही, पण मग 'कान' ताणला तर का चालत नाही?

वाचनवेडा: शास्त्राला ठरलेला शब्द लागतो म्हणून. घरोघरी वेगळा शब्द असेल तर कार्डाचा उपयोग काय? कवक नको असेल तर 'शिलींध्र' घ्या, मेघदूतात आहे, ढग गरजला की जमिनीतून शिलींध्रं वर येतात.

राजारामपुरी९: सहावीतल्या पोराला शिलींध्र म्हणायला लावून बघा एकदा.

कोकणची लेक: माझं माहेर कुडाळकडचं, इथं येऊन बावीस वर्षं झाली. आमच्याकडे याला सरळ शब्द आहे, फणसांबा. फणसाच्या खोडाला येतो, लाकडासारखा टणक, वरून काळपट भेगाळलेला, आतून तपकिरी. आई तो सुकवून डब्यात ठेवायची. लहान पोराची लाळ फार गळायला लागली किंवा तोंड आलं की सहाणेवर उगाळून लावायचे. नवीन शब्द पाडायची गरजच काय?

पायवाट: ताई, हा शब्द माहीतच नव्हता, भारी वाटलं. पण तुम्ही सांगताय ती फेलिनस नावाची बुरशी असणार, जाड आणि वर्षानुवर्षं वाढणारी. माझी पातळ, कागदाच्या पुठ्ठ्याएवढी. एकच शब्द दोघींना चालेल का?

जुनी वखार: फणसांबा म्हणजे फणसाला लागलेला आंबा. आकार बघा, कोयीसारखा.

कोकणची लेक: नाही हो दादा, आंब्याचा काय संबंध? फणस अधिक अळंबं. बोलता बोलता फणसाळंबं, मग फणसांबं, फणसांबा. आमच्याकडे अजून काही म्हाताऱ्या बायका शेवटी 'बं' म्हणतात.

जुनी वखार: अळंबं मऊ असतं, मिरगात वारुळावर येतं ते. दगडासारख्या वस्तूला अळंबं कोण म्हणेल? मला पटत नाही. पण असूदे. आमच्या धंद्यात त्या कानाला नावच नाही, आम्ही लाकडाकडं बघतो. लाकूड पांढरं पडून त्याचे धागे सुटले तर पांढरी सड, तांबूस होऊन चौकोनी ढेकळं पडली तर तांबडी सड. वडील ओंडक्याचं टोक नखानं ओरबाडून सांगायचे. आमच्या दारातला गुलमोहर तीन वर्षांमागं वळवाच्या वाऱ्यात पडला, पानं हिरवीगार होती. बुंध्याला लाखेसारखा चकाकणारा तांबडा पंखा आला होता दोन वर्षं, पोरं त्याच्यावर खडे ठेवून खेळायची. आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. खाली गाडी होती, माणूस नव्हता म्हणून बरं. तेव्हा पायवाटभाऊ, नाव काय पण ठेवा, पण आत लाकूड कुजलंय हे त्या पोरांना कळूदे.

रंकाळाकाठ: तो चकाकणारा म्हणजे गॅनोडर्मा. गुलमोहराला मुळाकडून लागते. आणि तुमच्या वडिलांची पांढरी-तांबडी सड शास्त्रातसुद्धा अगदी तशीच आहे. पांढऱ्या सडीत बुरशी लिग्निन खाते, म्हणजे लाकडाला घट्टपणा देणारा भाग, म्हणून उरलेलं पांढरं आणि धाग्याधाग्याचं दिसतं. तांबड्या सडीत सेल्युलोज, म्हणजे धाग्यांचा भाग, जातं, लिग्निन मागं राहतं, म्हणून तांबूस आणि ठिसूळ. ट्रॅमेटिस पांढऱ्या सडीतली. लाकडाच्या धंद्यातले शब्द असे तयार असताना 'श्वेतविगलन' वगैरे कशाला करायचं?

वाचनवेडा: श्वेतविगलन मी म्हटलेलं नाही. आणि सड हा शब्द मलाही आवडला, तो जरूर घ्या.

चंदगडी: मुळात बुरशी शब्दालाच माझा विरोध आहे. बुरशी म्हटलं की पोरांना शिळ्या भाकरीवरचा बुरा आठवतो, केसाळ हिरवा. ओंडक्यावरचं बघून ती म्हणणार ही बुरशी नव्हेच. आमच्या शेतात काजूच्या वठलेल्या झाडावर अशी येते, आम्ही 'पापड्या' म्हणतो. लाकडाला पापड्या आल्या.

पायवाट: पापड्या! हे चांगलं आहे की. पातळ, चिवट, थरावर थर. पण दुसऱ्यानं कानाला चूक का म्हटलं ते कुणी सांगेल का?

रंकाळाकाठ: त्याचं बरोबर आहे हो. ऑरिक्युलॅरिया नावाची खरीच कानासारखी बुरशी असते, पावसात मऊ, जेलीसारखी, बोटानं दाबली तर थेट कानाच्या पाळीसारखी लागते. चिनी जेवणात घालतात. इंग्रजीतही तिला कानच म्हणतात. आजींचा कान कुठला होता ते आता त्यांनाच विचारावं लागेल.

पायवाट: आजी गेली २००९ साली. पण ती चुलीसाठी जळण गोळा करायची, जेलीवाला ओला ओंडका ती कशाला उचलेल? तिचा कान कडकच असणार. मला तो शब्द सोडवत नाही, खरं सांगतो.

चंदगडी: मग सोडू नका की. एका शब्दाला दोन अर्थ असतातच. आमच्यात वठलेलं म्हणजे उभ्या उभ्या वाळलेलं, कोल्हापुरात काही लोक पडलेल्यालाही म्हणतात.

जुनी वखार: पडलेल्याला वठलेलं कोणी म्हणत नाही. वठतं ते उभंच. पडला की तो ओंडका.

राजारामपुरी९: आमच्या गल्लीत माणूस पण वठतो 🙂 "लई वठलाय बिचारा".

कोकणची लेक: वठलेलंवर वेगळा धागा काढा बाई. पायवाटदादा, तुमच्या फोटोत वरचीच बाजू दिसतेय. खालून बघितलंय का? आमच्या फणसांब्याला खाली बारीक बारीक छिद्रं असतात, सुईनं टोचल्यासारखी.

रंकाळाकाठ: हे महत्त्वाचं, ताईंनी बरोबर पकडलं. वरून सेम पट्टे असलेली स्टिरियम नावाची दुसरी एक असते, फसायला होतं. तिची खालची बाजू गुळगुळीत, छिद्रं नाहीत. ट्रॅमेटिसला पांढरट आणि एका मिलिमीटरात साधारण ३ ते ५ छिद्रं, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतात, भिंग न्या. आणि अभयारण्यात तोडून बघायचं नाही, खिशातला छोटा आरसा खाली धरा, त्यात दिसतं. पोरांना आरसा दिलात तर कार्डापेक्षा जास्त मजा येईल त्यांना.

पायवाट: खालून बघितलं नाही. खरंच नाही. फोटो आंबा घाटातून येताना घाईत काढलेला, पाऊस होता. म्हणजे कार्डावर टर्की टेल लिहायच्या आधी परत जायला पाहिजे. रविवारी जातो, आरसा घेऊन. छिद्रं निघाली तर पापड्या, नाही निघाली तर... तिला काय म्हणायचं मग?

जुनी वखार: पापड्याच. दोन्ही पापड्याच.

वाचनवेडा: काष्ठकवक, दोन्ही.

कोकणची लेक: रविवारी येताना फणसाच्या झाडांकडंही बघा हो. आणि आमच्याकडे 'फणसांबा'वर अनुस्वार 'सा'वर देतात, कार्डावर चुकवू नका.