मदत हवी आहे: इंग्रजीत 'गेट' (get) नंतर 'टू' (to) लावायचा की नाही?

घाईत_आहे: 'गेट'नंतर 'टू' येतो का? एका वाक्यात नसल्यामुळे लाल रेघ येते, दुसऱ्यात आहे तर संपादक परत पाठवतात. आज मसुदा द्यायचाय.

कर्ताकर्म: वाक्यं टाका. 'गेट'नंतर माणूस आहे की वस्तू?

घाईत_आहे: 'आय गॉट हिम साइन द फॉर्म' आणि 'आय गॉट द फॉर्म टू साइन'. त्याच्याकडून सही करवून घेतली, एवढंच म्हणायचंय.

कर्ताकर्म: मग बरोबर उलटं झालंय. काम करणारा माणूस आला की 'टू' आणि मूळ क्रियापद: 'गॉट हिम टू साइन'. जिच्यावर काम होतं ती वस्तू आली की 'टू' नाही, क्रियापदाचं तिसरं रूप: 'गॉट द फॉर्म साइन्ड'. तुमच्या दुसऱ्या वाक्यावर रेघ येत नाही, कारण ते शुद्ध आहे. फक्त अर्थ 'सही करायला मला फॉर्म मिळाला' असा होतो.

सोपं_करा: एवढा घोळ कशाला? 'हॅव' घाला. 'आय हॅड हिम साइन', 'टू'ची कटकटच नाही.

कर्ताकर्म: रचना बरोबर, पण छटा वेगळी. 'हॅव'मध्ये सांगितलं आणि झालं, जसं हाताखालच्या माणसाला काम सांगतो. 'गेट'मध्ये मनधरणी किंवा खटपट आली. @घाईत_आहे, तो तयार होता का?

घाईत_आहे: नव्हता, समजवावं लागलं. त्याचा काय संबंध?

कर्ताकर्म: म्हणूनच 'गेट'.

सोपं_करा: तयार नव्हता तर मग 'मेड हिम साइन'!

कर्ताकर्म: ती जबरदस्ती झाली. शिवाय कर्मणीत तिथेही 'टू' परत येतोच: 'ही वॉज मेड टू साइन'.

शब्दखूळ: अमेरिकेत 'गेट'चं तिसरं रूप 'गॉटन' करतात, ते कुणी सांगितलंच नाही.

सोपं_करा: मग सगळीकडे तेच लिहायचं ना?

शब्दखूळ: नाही हो. 'मिळालं' किंवा 'झालं' या अर्थी 'हॅव गॉटन'. 'जवळ आहे' म्हणायचं तर अमेरिकेतही 'हॅव गॉट'च.

घाईत_आहे: 'गॉटन' कुणी विचारलं? 'गॉट द फॉर्म साइन्ड'मध्ये सही त्याची, हे कुठे कळतं?

कर्ताकर्म: नाही कळत. शेवटी 'बाय हिम' जोडा. पण तो अडून बसला होता हे दाखवायचं असेल तर 'गॉट हिम टू साइन'च ठेवा.

शब्दखूळ: 'गॉट हिम साइनिंग' पण चालतं की.

कर्ताकर्म: त्याचा अर्थ सही करायला सुरुवात करवली. पूर्ण झाली की नाही ते त्यात येत नाही. इथे नको.