दीड टनाचा एसी आणि चिकट खोली

ताई, दहा बाय दहाच्या खोलीत दीड टनाचा एसी, दर चार-पाच मिनिटांनी कॉम्प्रेसर बंद, आणि खोली गार असूनही अंग चिकट, असं तुम्ही लिहिलंय. मेकॅनिक गॅस भरायला निघालाय, त्याला जरा थांबवा. गॅस कमी असता तर खोली इतक्या पटकन गार झालीच नसती.

मशीन खोलीच्या मानाने मोठं आहे. फोंड्यात आमच्याकडे हेच झालं. दुकानदार म्हणाला, मोठा घ्या, लगेच थंड होईल. झालं लगेच, आणि तिथेच घोडं अडलं. हवेतली वाफ गार कॉइलवर पाणी होऊन नळीतून बाहेर जायची तर कॉम्प्रेसर सलग चालायला हवा. खोली लगेच गार झाली म्हणून तो थांबला आणि आतला पंखा फिरत राहिला की कॉइलवरचं पाणी वाफ होऊन परत खोलीत. आपल्याकडे जुलैत कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे हे सोसणार कसं?

आधी एसीसमोर पडदा किंवा कपाट आहे का बघा. गार झोत तिथून उलटला तर सेन्सरला खोली गार झाल्यासारखी वाटते. फिल्टर धुवा. पावसाळ्यात रिमोटवरचा ड्राय मोड, म्हणजे हवा कोरडी करणारा, लावा, नाहीतर पंखा कमी वेगावर ठेवा. आम्ही शेजारच्या खोलीचं दारही उघडं ठेवतो, म्हणजे मशीनला पुरेसं काम मिळतं.

इन्व्हर्टर एसी, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसर मंद चालवणारा, घेतला तरी टनेज, म्हणजे गार करण्याची ताकद, बघूनच घ्या. तोही एका मर्यादेखाली मंद होत नाही.