४२ मुलं, ९ फोन : वर्गात मोबाइल वापरताना बाकीची मुलं नुसती बघत राहतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी नववीला विज्ञान शिकवते. यंदा मुख्याध्यापकांच्या बऱ्याच मिनतवाऱ्या करून वर्गात मोबाइल वापरायची परवानगी मिळवली. ज्यांना शक्य आहे त्यांनी ठरलेल्या दिवशी मुलाबरोबर घरचा फोन पाठवावा, अशी चिठ्ठी पालकांना दिली. ४२ मुलांच्या वर्गात ९ फोन आले. तीन तास झालेत आणि मी अडकले आहे, म्हणून हा धागा.

पहिला तास लंबकाचा घेतला. फोनने लंबकाचा व्हिडिओ काढायचा, तो सावकाश चालवून २० आंदोलनांचा वेळ मोजायचा आणि भागाकार करायचा. दोरी १ मीटर असेल तर एका आंदोलनाला साधारण २ सेकंद लागतात, पाव मीटर केली तर १ सेकंद. लांबी चौथाई झाली तरी वेळ निम्माच होतो, हे मुलांना आपल्या हातांनी सापडावं एवढीच इच्छा होती. आकडे खरंच छान आले. मी समाधानाने वह्या घरी नेल्या.

त्यात एका मुलीची वही होती. तारीख, शीर्षक, लंबकाची नेटकी आकृती, पट्टीने आखलेला निरीक्षणांचा तक्ता. तक्ता पूर्ण रिकामा. दुसऱ्या दिवशी तिला जवळ बोलावून विचारलं. म्हणाली, "बाई, फोन त्याच्या हातात होता. मला स्क्रीन दिसलीच नाही. तो आकडे सांगत होता, पण भराभर." तक्ता तिने आदल्या रात्रीच आखून ठेवला होता. मग मी बाकीच्या वह्या पुन्हा नीट पाहिल्या. प्रत्येक गटात एकाच मुलाने मोजलं होतं आणि उरलेल्यांनी त्याचं उतरवून घेतलं होतं, अगदी खोडलेल्या आकड्यासकट.

दुसऱ्या तासाला यापेक्षा वाईट झालं. एका मुलाने वडिलांचा फोन आणला होता. व्हिडिओ सुरू असताना वर मेसेज सरकला, कर्जाचा हप्ता थकल्याचा. चारही डोकी स्क्रीनवर वाकलेली होती, सगळ्यांनी वाचला. कोणी काही बोललं नाही. त्या मुलाने फोन खिशात टाकला आणि तास संपेपर्यंत बाहेर काढला नाही. मी मागवलेल्या फोनमुळे त्याच्या घरातली गोष्ट वर्गात आली, हे मला अजून लागून राहिलं आहे.

मी करून पाहिलेले उपाय सांगते. दर पाच मिनिटांनी फोन पुढच्याकडे द्यायचा असं ठरवलं, पण स्क्रीन बंद पडली की पॅटर्न फक्त मालकाला माहीत, त्यामुळे फोन फिरून त्याच्याकडेच. एका फोनचं चित्र मोठ्या पडद्यावर लावलं, तर मुलं सिनेमाला बसल्यासारखी बसली. कार्यपत्रिका फोनवर पाठवली तर ती जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, फोनवर नुसती अगम्य चिन्हं दिसली. (ही एक गोष्ट तरी सुटली. रात्री बसून सगळी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली.)

सहकारी म्हणतात, सोडून दे. युनेस्कोच्या २०२३च्या जागतिक अहवालाचा दाखलाही देतात. त्यात म्हटलंय की लक्ष एकदा उडालं की ते परत अभ्यासावर यायला २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. आमचा तासच ३५ मिनिटांचा. त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही.

पण माझ्याच वर्गात एक मुलगी आहे, जिला फळ्यावरचं नीट दिसत नाही. पुढच्या बाकावर बसूनही नाही. ती आईच्या फोनचा कॅमेरा फळ्याकडे धरते, दोन बोटांनी चित्र मोठं करते आणि वहीत उतरवते. या तीन तासांत तिने पहिल्यांदा शेजारणीची वही मागितली नाही. हे डोळ्यांनी पाहिल्यावर फोन बंद करा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तर विचारायचं आहे ते असं. फोन कमी आणि मुलं जास्त असताना प्रत्येकाच्या हाताला काम राहील असे प्रयोग कोणी घेतले आहेत का? घरच्या फोनमधलं खासगी काही उघडं पडू नये म्हणून काय करता? आणि इंटरनेटशिवाय काय काय चालतं? आमच्या वर्गात नेट येतं-जातं, त्याच्या भरवशावर तास आखता येत नाही. खर्च करून टॅब घ्या हा सल्ला कृपया नको, तो मार्ग आत्ता बंद आहे.

———

खडूफळा :

ताई, मी गणित शिकवतो. तुमच्या मुलीचा रिकामा तक्ता वाचून थांबलो, कारण असे तक्ते माझ्याही वर्गात असतील आणि मी पाहिलेले नाहीत.

माझा अनुभव असा की काही तासांना मुलांच्या हातात फोन लागतच नाही. प्लिकर्स नावाचं प्रश्नोत्तरांचं ॲप पाहा. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेलं एक चौकोनी कार्ड मिळतं, प्रत्येकावरची नक्षी वेगळी. चार कडा म्हणजे चार पर्याय. आपलं उत्तर असलेली कड वर करून कार्ड धरायचं, आपण आपला एकच फोन वर्गावरून फिरवायचा, कोणी काय उत्तर दिलं ते नोंदवलं जातं. शेजाऱ्याचं कार्ड बघून उत्तर कळत नाही, म्हणून मागे राहणारी मुलंही बिनधास्त कार्ड वर करतात. ४० कार्डांचा संच तुम्हाला पुरणार नाही, ६३चा छापून घ्या. साध्या जाड कागदावर छापा. प्लास्टिकचं चकचकीत आवरण घातलं तर उजेड परततो आणि कॅमेरा कार्ड ओळखत नाही.

याला जोड म्हणून हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांची पद्धत वापरा. ते १९९०च्या दशकापासून ती वापरत आले आहेत. प्रश्न टाका, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं बरोबर आलं तर उत्तर सांगायचं नाही. शेजाऱ्याला पटवून द्या म्हणायचं आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा कार्ड वर. त्या दोन मिनिटांत वर्गात जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो.

———

दोन मुलांची आई :

मी शिक्षिका नाही, पालक म्हणून लिहिते. आमच्याकडेही अशी चिठ्ठी आली होती आणि मी फोन दिला नाही. मुलावर विश्वास नव्हता असं नाही. त्या फोनमध्ये माझ्या सासूबाईंचे तपासणीचे रिपोर्ट होते, नवऱ्याचे कामाचे मेसेज होते. फोन नेमका कशासाठी हवा, कोण हाताळणार, किती वेळ, हे चिठ्ठीत कुठेच नव्हतं. ते असतं तर कदाचित दिला असता.

त्या मुलाच्या वडिलांशी तुम्ही बोललात का? नसाल तर बोला, ताई. मेसेजचा विषय न काढता, नुसतं "तुमच्या फोनची आमच्याकडून पुरेशी काळजी घेतली गेली नाही" एवढं म्हणा. त्यांना समजेल.

———

तारायंत्र :

मेसेजचा प्रश्न तासापुरता सुटतो. वर्गात शिरताना सगळे फोन विमान मोडवर टाका. कॅमेरा, माइक, आतले संवेदक, आधी उतरवलेली ॲप्स, सगळं चालू राहतं. मेसेज येत नाहीत, कॉल येत नाहीत. आपापसात जोडायचे असतील तर विमान मोडमध्येच वायफाय तेवढं सुरू करता येतं. मात्र त्या वायफायला इंटरनेट नसावं, नाहीतर मेसेज पुन्हा सुरू. पॅटर्नच्या त्रासावर उपाय म्हणजे मालकाच्या परवानगीने तासाभरासाठी स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवणे. अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करता येतं, आयफोनमध्ये त्यालाच गायडेड ॲक्सेस म्हणतात. मग मूल त्या एका ॲपमधून बाहेर पडून फोटोंमध्ये शिरत नाही.

नेटशिवायचं विचारलंत. फेटची (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, आधी उतरवून ठेवता येतात, एकेक फाइल, ब्राउझरमध्ये उघडते. हा कोलोराडो विद्यापीठाचा प्रकल्प, नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२मध्ये सुरू केलेला. बरीच मराठीतही आहेत. पण तुमचा खरा आजार "एकाच्या हातात स्क्रीन" हा आहे, आणि सिम्युलेशनने तो बरा होणार नाही. तुम्हाला असा प्रयोग हवा ज्यात फोन जमिनीवर ठेवलेला असेल.

फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने केलेलं, २०१६पासून उपलब्ध. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे. एका आवाजाने सुरू, पुढच्या आवाजाने बंद. त्यावर ध्वनीचा वेग असा काढा. दोन फोन जमिनीवर ५ मीटर अंतरावर ठेवा, प्रत्येकाजवळ एक मूल उभं करा. पहिल्याने टाळी वाजवली की जवळचा फोन लगेच सुरू होतो, लांबचा किंचित उशिरा, कारण आवाज तिथवर पोचायला वेळ लागतो. मग दुसऱ्याने टाळी वाजवायची. आता त्याच्या जवळचा फोन आधी थांबतो आणि पहिला उशिरा. दोन्ही घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाला जायला-यायला लागलेला वेळ, १० मीटरचा. तो साधारण ०.०२९ सेकंद येईल. १० भागिले ०.०२९, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४५ मीटर.

दोघं टाळ्या वाजवणार, दोघं टेप धरणार, दोघं फोनवरचे आकडे वाचणार, एकाने लिहायचं, एकाने वजाबाकी-भागाकार करायचा. आठ मुलं कामाला लागली आणि फोन कोणाच्याच हातात नाही. एक सूचना, बाजूला कोणी खोकलं तरी घड्याळ सुरू होतं. आवाजाची मर्यादा ॲपमध्ये वाढवता येते, तरी एका वेळी एकच गट व्हरांड्यात पाठवा.

———

शेवटचा बाक :

वरचं सगळं पटलं. एक भर घालतो. ज्याचा फोन, त्याला त्या दिवशी फोनजवळचं काम द्यायचं नाही. तो टेप धरेल किंवा लिहील. मी हा नियम वर्षभर पाळतोय. सुरुवातीला मालक मंडळी कुरकुरली. पण ज्यांच्या घरी असा फोनच नाही त्या मुलांना "हे बटण दाब, ते नको" असं कोणीतरी वसकन सांगायचं, ते थांबलं. चुकून काही दाबलं गेलं तर ती शिक्षकाची जबाबदारी, हे आधी सगळ्यांदेखत सांगून टाका.

———

(धागाकर्ती) :

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडा मध्ये गेला, कारण करून बघितल्याशिवाय उत्तर लिहायचं नव्हतं.

आधी त्या वडिलांना भेटले. दोन मुलांची आई, तुम्ही सांगितलंत तेवढंच बोलले. ते म्हणाले, पोराने घरी काही सांगितलंच नव्हतं. पुढच्या तासाला मुलाने स्वतः फोन आणला, विमान मोडवर टाकूनच.

कार्डं साध्या कागदावर छापली. ध्वनीचा प्रयोग व्हरांड्यात घेतला, एक गट बाहेर आणि बाकीचे आत कार्डांवर. सहकारी शिक्षकांनी आतला वर्ग सांभाळला, जे मला "सोडून दे" म्हणत होते त्यांनीच. मालकाने फोनजवळ जायचं नाही हा नियम लावला.

तिसऱ्या गटाचा फरक आला ०.०२३. वेग निघाला ४३५. बाकी गटांचे आकडे ३४०-३५०च्या आत-बाहेर होते. पुन्हा केलं, पुन्हा तेवढंच. टाळी वाजवणारे एकमेकांवर चिडायला लागले, मलाही पटकन कळेना. टेपचं टोक धरून ती रिकाम्या तक्त्याची मुलगी बसली होती. जमिनीवर बसलेली असल्यामुळे तिला सगळ्यांचे पाय दिसत होते. ती म्हणाली, "बाई, टेप फोनपासून फोनपर्यंत आहे. पण हे दोघं फोनच्या पुढे उभे राहून टाळी वाजवतायत." दोघंही एकेक पाऊल आत सरकले होते. आवाजाला ५ मीटर जायचंच नव्हतं. त्यांना फोनच्या मागे उभं केलं, फरक आला ०.०२९.

मग तिने विचारलं की मागे उभं राहिलं तरी टाळी फोनपासून लांबच वाजते, मग तेव्हा का चुकत नाही? फळ्यावर आकृती काढून बघायला सांगितलं. मागचं अंतर दोन्ही फोनना सारखंच वाढतं आणि वजाबाकीत उडून जातं, हे तिचं तिला सापडलं. तासाची घंटा झाली होती, गट बाकावर बसून तिच्या वहीतून उतरवून घेत होता.

अजून दोन गोष्टी राहिल्यात. कमी दिसणाऱ्या त्या मुलीला फोनवरचे छोटे आकडे वाचणं जड गेलं. फायफॉक्समध्ये रिमोट ॲक्सेसचा पर्याय आहे, ज्याने एका फोनवरचे आकडे त्याच वायफायवरच्या दुसऱ्या यंत्रात मोठे करून बघता येतात असं वाचलं. माझ्या फोनचा डेटा बंद ठेवून त्याच्या हॉटस्पॉटवर हे करायचा विचार आहे. कोणी वर्गात वापरलं असेल तर अडचणी सांगा. आणि पालकांना पाठवायची चिठ्ठी नव्याने लिहितेय : फोन कशासाठी, कोण हाताळणार, किती मिनिटं, कोणतं ॲप, आणि नाही दिला तरी मुलाचं काही अडणार नाही, हे सगळं त्यात हवं. कोणाकडे असा मसुदा तयार असेल तर कृपया इथे टाका, पुढचा तास गुरुवारी आहे.