सेलानच्या ‘स्तोत्र’ला प्रार्थना म्हणू नका

काजवा:
जर्मनमध्ये लिहिणारा ज्यू कवी पाउल सेलान याची ‘स्तोत्र’ ही कविता (१९६३ च्या संग्रहातली) निघाली की लोक लगेच कबाला, म्हणजे ज्यू गूढवाद, काढतात. आम्हाला मातीतून पुन्हा कुणी घडवणार नाही, असं म्हणून कविता त्या ‘कुणीनाही’चीच स्तुती करते. कबालातल्या ‘एन सोफ’चं, म्हणजे अनंत ईश्वराचं, वर्णन करता येत नाही, मग हा ‘कुणीनाही’ म्हणजे तोच, असं ठरवून मोकळे! नाझी काळातल्या ज्यूसंहारात, १९४२ मध्ये, ज्याच्या आईवडिलांना ट्रान्सनिस्ट्रियाच्या (तेव्हा रुमानियाच्या ताब्यातल्या प्रदेशाच्या) छावणीत नेलं आणि दोघंही परतले नाहीत, त्याच्या तोंडी भक्ती घालू नये.

रानजाई:
सेलानने कबालाचा अभ्यासक गेरशोम शोलेम वाचला होता, त्याचं काय? ‘झोहर’ या कबालाच्या मुख्य ग्रंथाच्या सुरुवातीलाच काट्यांमधला गुलाब येतो, आणि तो गुलाब म्हणजे इस्राएलचा समाज. ‘स्तोत्र’च्या शेवटीही गुलाब आणि काटा आहेत. शिवाय, संहारानंतर गूढवाद अशक्य होतो हे मला पटत नाही. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं. पुढच्या शतकात पॅलेस्टाइनमधल्या त्सफात (साफेद) गावी इसहाक लुरिया या कबाला-गुरूने सांगितलं, की सृष्टीला जागा व्हावी म्हणून देव स्वतःत आकसला, मग त्याचा प्रकाश धरणारी पात्रं फुटली. शोलेमच्या मते या शिकवणीमागे हद्दपारीचीच जखम होती.

काजवा:
पण लुरियाकडे ‘तिक्कून’ आहे, विखुरलेल्या ठिणग्या गोळा करून जग पुन्हा सांधणं. सेलान म्हणतो, आम्ही काहीच नव्हतो, नाही, आणि राहूही तसेच. यात सांधणं कुठे दिसतं?

पारवा:
ज्यू कवयित्री नेली झाक्सही झोहर वाचायची. ती १९४० मध्ये बर्लिनहून स्टॉकहोमला निसटली. मे १९६० मध्ये ती आणि सेलान झुरिकला भेटले, त्यावर सेलानची कविता आहे. तुझ्या देवाविषयी बोलणं झालं, मी त्याच्या विरोधात बोललो, असं त्यात येतं. देवाची ओढ आहे ती झाक्सला. दोघांना एका माळेत ओवू नये.

रानजाई:
त्याच कवितेत पुढे वाचा ना! विरोधात बोलतानाच त्याने आपल्या हृदयाला आशा करू दिली, घरघर लागलेल्या, भांडणाऱ्या एका शब्दाची. श्रद्धा नसेल, पण ओढ नाही असं कसं म्हणता?

काजवा:
ओढ मान्य. पण ती कविता संपते तेव्हा झाक्ससुद्धा म्हणते, काय खरं धरायचं ते आपल्याला ठाऊक नाही. श्रद्धावान बाई एवढं उघडं सोडते, तर समीक्षकांनी सेलानच्या ‘कुणीनाही’ला देवाचं नाव चिकटवायची घाई का करावी?