मेकअपच्या फोटोवर 'स्किन स्मूथ' मारणं ही फसवणूकच आहे

रंगपेटी:
गेल्या रविवारी मेकअपने खंड्या पक्षी केला. डोळ्यावर! पापणीवर चकचकीत निळा, खाली चॉकलेटी, आतल्या कोपऱ्यात गळ्याचा पांढरा ठिपका आणि बाहेरच्या कोपऱ्यातून चोचीसारखी लाल रेघ. पिसं शून्य नंबरच्या ब्रशने एकेक करून ओढली. अडीच तास गेले. एक डोळा जमला की दुसरा तसा जमत नाही, ही जुनीच रड. मग बाल्कनीच्या दाराशी स्टूल, त्यावर डाळीचे डबे, डब्यांना टेकून मोबाइल, दहा सेकंदांचा टायमर. चाळीसेक फोटोंतले दोन बरे आले.

एका ग्रुपवर टाकला, तर पहिलाच प्रतिसाद: "मस्त, पण स्किन जरा स्मूथ कर ना." करून पाहिलं. फिल्टरला माझी पिसं सुरकुत्या वाटल्या बहुतेक, सगळी पुसून टाकली! पापणीवर नुसता निळा डाग उरला. म्हणून माझं ठाम मत: रंग चेहऱ्यावर लावा, मोबाइलमध्ये नको. आणि फिल्टर लावलाच, तर तसं लिहा. नॉर्वेत २०२२पासून जाहिरातीतला चेहरा किंवा शरीर एडिट केलं असेल तर तसं छापावं लागतं. आपण निदान एक ओळ लिहू शकतो.

डार्करूमवाला:
ताई, मेहनतीला सलाम, पण हे सोवळं पटलं नाही. आमच्या वडिलांचा स्टुडिओ होता. निगेटिव्ह काचेवर ठेवून, खालून उजेड घेऊन ते टोकदार शिसपेन्सिलीने डोळ्यांखालची वर्तुळं भरत. निगेटिव्हवर काळं भरलं की प्रिंटवर तेवढी जागा उजळते. मग ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटवर हाताने रंग: शालू हिरवा, ओठ गुलाबी. एकाही नवरीने "फसवलंत" म्हणून पैसे परत मागितले नाहीत.

आणि खरेपणाचंच बोलायचं, तर सेल्फी हातभर अंतरावरून काढता ना? एका फुटावरून नाक पाच फुटांवरच्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. फिल्टर न लावताच खोटं झालं की! पाच फूट मागे जा, मागचा कॅमेरा वापरा, आणि मग खऱ्या-खोट्याचं बोलू.

रंगपेटी:
नाकाचं मान्य, काका. आरशात माझं नाक असं नाही, हे मला कधीपासून सांगायचं होतं. पण तुमचे वडील कुठे भरायचं, कुठे सोडायचं ते बघून भरत होते. ॲप बघतच नाही. त्याला तीळ, मुरूम, पीस सगळं सारखंच.

घाटावरची_मावशी:
मला मुळातलाच प्रश्न पडलाय. अडीच तास स्वतःलाच रंगवायचं, स्वतःचेच फोटो काढायचे आणि मग धुऊन टाकायचं? आमच्याकडेही एक नमुना आहे. बेसिन निळं करून ठेवलंय.

कुडाळचो_झील:
मावशी, रांगोळीपण दुसऱ्या दिवशी पुसतातच की. आमच्या दशावतारात कलाकार स्वतःचं तोंड स्वतःच रंगवतात. माझा मामा स्त्रीपार्ट करायचा. जत्रेत देवळाच्या मागे पेटाऱ्याला छोटा आरसा टेकवून बसला की त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. पण रंगपेटी, एक सांगतो. मामाचं तोंड दहा हातांवरून लक्ष्मीसारखं दिसायचं, जवळून नुसत्या भेगा. तो रंग लांबून बघण्यासाठीच होता. तुझा मोबाइलच्या पडद्यासाठी आहे. मग पडद्यावर हात फिरवला तर कुठे बिघडलं?

अर्धी_भुवई:
मावशींना उत्तर: अमेरिकन फोटोग्राफर सिंडी शर्मनने १९७७ ते १९८०मध्ये, कधी बनलेच नाहीत अशा सिनेमांतल्या बायका होऊन स्वतःचे फोटो काढले. मेकअप, विग, सगळं स्वतः. बंगळुरूच्या कलाकार पुष्पमाला एन. रविवर्म्याच्या चित्रातली लक्ष्मी होऊन उभ्या राहिल्या, कॅमेऱ्यामागे फोटोग्राफर क्लेअर आर्नी. यात 'मी किती छान दिसते' कुठे आलं?

बाकी स्मूथचं जाऊ दे, सगळ्यांनी चमकी बघून घ्या. मी एकदा राखीवरची चमकी पापणीला लावली. एक कण आत गेला आणि रात्रभर डोळा लालबुंद. डोळ्यांसाठीचीच आणा, क्राफ्टची नको.

रंगपेटी:
काकांचं ऐकून आज पाच फुटांवरून काढला. नाक माझंच आलं, पण पिसं दिसेनात.

डार्करूमवाला:
तिथूनच दोन पट झूम करा. आणि उजेड समोरून नको, खिडकी एका बाजूला घ्या. पिसांना सावली पडली तरच ती दिसणार. (फिल्टरबद्दलचं मत कायम.)

रंगपेटी:
माझंही कायम.

घाटावरची_मावशी:
ते राहू दे. बेसिनचा निळा डाग कशाने जातो?

रंगपेटी:
आधी खोबरेल चोळा, मग भांड्यांचा साबण. तोंडाला मात्र नुसतं खोबरेल.