पाणी उतरल्यावरचा फोटो पुरत नाही

पुराच्या नुकसानीची नोंद म्हणून पाणी ओसरलं की लगेच शेताचे आणि रस्त्याचे फोटो काढून ठेवावेत, असा सल्ला दिला जातो. रस्त्यापुरतं पटतं, पिकाच्या बाबतीत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आमचं बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारातलं बळ्ळारी नाल्याकाठचं भात कित्येक दिवस पाण्याखाली होतं. पाणी उतरलं त्या दिवशी रोपं हिरवीच दिसत होती, म्हणून आम्ही फोटो काढले आणि निर्धास्त झालो. आठवड्याभरात बुंधे कुजून सगळं आडवं झालं. नुकसानीच्या पाहणीला आलेल्यांना आमच्याच फोटोत चांगलं पीक दिसलं! फार जीव तुटला तेव्हा. सरकारी भरपाई ज्यातून मिळते त्या आपत्ती निधीच्या निकषात ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान लागतं, ते पहिल्या दिवशी दिसतच नाही. निपाणीकडच्या ऊसवाल्यांचंही तेच, शेंड्यात गाळ शिरला की ऊस नंतर वाळतो.

तेव्हापासून आम्ही एकाच बांधावरून, त्याच दिशेला तोंड करून तीनदा फोटो घेतो: पाणी असताना, उतरल्यावर आणि दहा-बारा दिवसांनी. तारीख आणि लोकेशन दिसायला हवं, सर्व्हे नंबर पाटीवर लिहून फोटोतच धरायचा, उताऱ्याशी जुळवूनच. रस्त्यावर पाणी किती चढलं ते दाखवायला विजेच्या खांबावरची गाळाची रेघ टेपने मोजा, पुढच्या पावसात ती धुऊन जाते. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं की सगळीकडे बातमी होते, आमच्या पाणंदीची नोंद आम्हीच ठेवायची.